कात्रीचे एक्केचाळीस नियम

ऑफिसात त्यांना सगळे कात्री म्हणत, अर्थात पाठीमागे. समोर दादा. कोणाचाही कोड त्यांच्या प्रश्नांखालून गेला की चाळीस ओळींच्या पंचवीस होत, आणि ज्याचा कोड असे तो चार दिवस तोंड फुगवून बसे. पाचव्या दिवशी त्याच्या लक्षात येई की सगळा घोळ त्या कापाव्या लागलेल्या पंधरा ओळींतच होता. मग तो हळूच दादांच्या टेबलाशी जाऊन उभा राही. दादा वर न बघता म्हणत, "चहा?" विषय तिथे संपे.

आता गोष्ट दादांची असली तरी चूक घाईची आहे, म्हणून तिच्याबद्दल सांगायला हवं. तिला घाई हे नाव दादांनीच ठेवलं होतं. बारा वर्षांपूर्वी ती इथे लागली तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिनं तीन दिवसांचं काम दीड दिवसात उरकलं आणि शाबासकीची वाट बघत बसली. इथे बनतो तो प्रोग्राम इस्पितळांच्या औषधाच्या खिडकीसाठी. पेशंटचं वय आणि वजन टाकलं की कुठलं औषध किती द्यायचं ते तो सांगतो. दादांनी तिचा कोड वाचला आणि खाली एक ओळ लिहिली, "नर्सकडून वजन लिहायचं राहिलं तर?"

"चूक कुठे आहे ते सांगा ना सरळ," ती म्हणाली.

"चूक आहे असं मी कुठे म्हटलं? मी विचारलं."

दोन दिवस डोकं खाजवल्यावर तिला सापडलं. वजनाची जागा मोकळी राहिली तर तिचा प्रोग्राम आधीच्या पेशंटचं वजन धरून पुढे जात होता. आधीचा नव्वद किलोचा बाप्या असता आणि मागून तान्हं बाळ आलं असतं, तर त्या बाळाला काय गेलं असतं याचा हिशेब तिनं मनातल्या मनात केला आणि त्या दिवशी तिला डबा गेला नाही. दादा शेजारी येऊन बसले. जाताना म्हणाले, "घाई, उद्यापासून हळू."

तेव्हापासून बारा वर्षं तिची प्रत्येक ओळ दादांनी वाचली. त्यांच्या पद्धती दोनच. एक, कोड पाठवताना वर एका वाक्यात कारण लिहायचं, हा बदल मुळात का. कारण पटलं नाही तर दादा पुढची ओळ वाचत नसत, मग तुम्ही खाली ताजमहाल बांधलेला असो. आणि दुसरी, ते कधीही 'हे बदल' असं लिहीत नसत. प्रश्न विचारायचे आणि थांबायचे. त्या थांबण्याचा सगळ्यांना भयंकर राग यायचा.

मग एआयचं टूल आलं. पहिल्या महिन्यात सगळे तोंडात बोटं घालून बघत होते आणि तिसऱ्या महिन्यात त्याच्याशिवाय कोणाचं पान हलत नव्हतं. काय हवं ते साध्या भाषेत सांगायचं, की समोर कोड धो धो ओतला जायचा. घाईला तर ते टूल आपल्यासाठीच जन्माला आलंय असं वाटलं. मॅनेजर मॅडमच्या खोलीबाहेर भिंतीवर एक स्क्रीन लागला. त्यावर प्रत्येकाच्या नावापुढे आकडा, या आठवड्यात टूल किती वापरलं त्याचा. घाईचा आकडा वरून दुसरा. दादांच्या नावापुढे शून्य.

दादांनी ते वापरून पाहिलं नाही असं नाही. एका दुपारी पाहिलं. चार दिवसांचं काम त्यानं चार मिनिटांत केलं आणि ते वाचायला दादांनी सहा दिवस घेतले. ही गोष्ट ऑफिसात बरेच दिवस विनोद म्हणून सांगितली जात होती. सहाव्या दिवशी त्यांना त्यात काय सापडलं होतं, ते मात्र कोणी विचारलं नाही.

एके दिवशी मॅडमनी घाईला आत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"महिनाअखेरीला वर यादी जायची आहे," त्या म्हणाल्या. "कोणाला ठेवायचं, कोणाला नाही. दादांच्या नावापुढे शून्य आहे गं. मी किती दिवस सांभाळून घेणार? तुझं ऐकतात ते. काहीतरी कर."

दादा पंचावन्नचे. या वयात बाहेर पडलेल्या माणसाला कोण दारात उभं करणार? आणि ते गेले तर तिचं काय, हा विचार मागोमाग आला. त्याची तिला लाज वाटली, पण आला हे खरं.

दुपारी कँटीनमध्ये तिनं विषय काढला. "दादा, वापरा ना ते. आकड्यापुरतं तरी."

"वापरायला माझी ना नाही," दादा बिस्कीट चहात बुडवत म्हणाले. "लिहिण्याची हमाली गेली, बरंच झालं. माझी अडचण वाचण्याची आहे."

"म्हणजे?"

"तुझा कोड मी वाचतो ना, तेव्हा तुला वाचत असतो. तू कुठे घसरणार ते मला ठाऊक आहे. तो कोपऱ्यातला जाड्या, त्याला बायकोशी भांडण झालं की आकडा शून्य आला तर काय, याचा विसर पडतो. हे टूल कुठे घसरतं तेच मला कळत नाही. चुकतंसुद्धा इतक्या छान हस्ताक्षरात." बिस्कीट तुटून चहात पडलं. ते चमच्यानं काढत दादा म्हणाले, "शिकेन. पण वेळ लागेल. तेवढा वेळ द्या म्हणावं."

तेवढा वेळ कोणाकडेच नव्हता. म्हणून घाईनं तो वाचवायचा उपाय काढला, आणि घाईनंच काढला.

टूलला साध्या भाषेत सूचना लिहून ठेवता येत. एक फाइल असते. कामाला हात घालण्याआधी ते ती वाचतं आणि त्याबरहुकूम वागतं. घाईच्या मनात आलं की दादा टूलकडे जात नाहीत ना, मग टूललाच दादांकडे आणू. बारा वर्षांत दादांनी इतरांच्या कोडखाली लिहिलेले प्रश्न सगळे जपलेले होते, साडेचार हजारांच्या वर. ते वाचायचे, त्यातून नियम काढायचे, ते फाइलमध्ये घालायचे आणि वर दादांचं नाव लिहायचं. मग प्रत्येकाचा कोड टूल दादांच्या नजरेनं तपासेल. शून्याची काय बिशाद राहील दादांच्या नावापुढे?

चार रविवार ती जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून बसली. समोर सासूबाई मटार सोलत. अधूनमधून घाई एखादा प्रश्न वाचून हसायची. जाड्याच्या एका दोनशे ओळींच्या कोडखाली दादांनी लिहिलं होतं, "हे वाचताना मी दोनदा हरवलो. घरी परतायचा रस्ता कुठला?"

"कोण आहे हा माणूस?" सासूबाईंनी विचारलं.

"आमचे दादा. त्यांचं शहाणपण गोळा करतेय."

तिचा नवरा शाळेत गणित शिकवतो. वह्या तपासता तपासता त्यानं मान वर केली. "त्यांना विचारलंस का?"

"सरप्राइज आहे," घाई म्हणाली. नवरा पुन्हा वह्यांत गेला.

एक्केचाळीस नियम झाले. टूल पहिल्यांदा सरळ चूक दाखवून वर दुरुस्तीही करून द्यायचं. तिनं त्याला बजावलं की दुरुस्ती द्यायची नाही, प्रश्न विचारायचा आणि थांबायचं. मग तिनं आपला तो बारा वर्षांपूर्वीचा कोड शोधून काढला आणि त्याच्यापुढे टाकला. टूलनं विचारलं, "वजन नोंदवायचं राहून गेलं तर काय होईल?"

घाईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. सासूबाईंनी मटाराची परात बाजूला सारून तिला पाण्याचा ग्लास दिला.

सोमवारी तिनं सगळ्यांसमोर ते दाखवलं. पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत दादांचं नाव, खाली 'एक्केचाळीस नियम'. लोकांनी आपापले कोड टाकून पाहिले. जाड्याला त्याच्या शून्यावरून टूलनं असं काही खिंडीत पकडलं की अख्खी खोली हसली. मॅडम म्हणाल्या, "सोनं आहे हे." दादा मागच्या रांगेत खिडकीशी बसले होते. खोली रिकामी झाली तसे ते पुढे आले, स्क्रीनवरचा एक नियम नाक लावून वाचला, मग दुसरा.

"छान लिहिलंयस," ते म्हणाले. बारा वर्षांत हे दोन शब्द तिनं त्यांच्या तोंडून ऐकले नव्हते. ती हवेत तरंगतच घरी गेली.

महिनाअखेरीला कमी करायच्या माणसांची यादी लागली. दादांचं नाव तिसरं होतं. नोकरीचे अजून एकोणीस दिवस.

घाई दार न वाजवता मॅडमच्या खोलीत शिरली. "शून्य गेलं ना त्यांचं? सगळे रोज त्यांचेच नियम वापरतायत. मग?"

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्या काही दुष्ट बाई नव्हेत. उलट त्यांचा चेहरा असा झाला होता की घाईचा आवाज आपोआप खाली आला.

"याआधीच्या दोन्ही याद्यांत त्यांचं नाव होतं," मॅडम म्हणाल्या. "दोन्ही वेळा मी खोडलं. वरच्यांनी विचारलं, का? मी म्हटलं, त्यांच्याशिवाय तपासणार कोण? माझ्याकडे एवढं एकच कारण होतं गं. या वेळी वरच्यांनी तुझी फाइल माझ्यापुढे ठेवली."

घाई उभीच राहिली. तिला बसायला सांगायचं मॅडमना सुचलं नाही आणि तिलाही खुर्ची दिसली नाही. ज्या कारणाच्या जोरावर दादा तिथे होते ते तिनं चार रविवार खपून, मटाराच्या परातीसमोर बसून, आपल्या हातांनी काढून घेतलं होतं. वर त्यांचं नाव लिहून. आमच्या धंद्यात काम चोख करणाऱ्याला शाबासकी मिळते. हे काम तिनं इतकं चोख केलं होतं की त्यात कुठे फट राहिली नव्हती, आणि दादांना उभं राहायला तेवढी एक फट पुरली असती.

ती दादांना तोंड दाखवेना. चहाच्या वेळी जागेवरून उठेना. ती फाइल तर तिनं पुन्हा उघडली नाही, तिनं कानाला खडा लावला. दादा रोज वेळेवर येत आणि दिवसभर स्क्रीनकडे बघत काहीतरी टाइप करत. नोकरीसाठी अर्ज करत असतील असं तिला वाटे.

दुसऱ्या रविवारी नवरा म्हणाला, "चल, जाऊन येऊ त्यांच्याकडे." ती नको म्हणाली. तो चपला घालून दारात उभाच राहिला, तेव्हा ती गेली.

दार वहिनींनी उघडलं. दोन खोल्यांचं घर, खिडकीत वाळत घातलेले टॉवेल, टेबलावर जुन्या कॉम्प्युटरचा पडदा. दादा त्याच्यासमोर बसले होते. ती आत येताच त्यांनी तो बंद केला.

"सुट्टीच्या दिवशीही हेच," वहिनी तिला म्हणाल्या. "काय लिहीत बसतात कोण जाणे. मी म्हटलं, सोडायचीच आहे ना नोकरी, मग आता कशाला डोळे फोडताय?"

"दादा," घाई म्हणाली, "माझ्यामुळे..."

"चहा घे."

"माझ्यामुळे झालं हे. मी विचारायला हवं होतं तुम्हाला."

दादांनी कपातला चहा बशीत ओतला. बराच वेळ ते त्यावर फुंकर मारत राहिले. "हवं होतं," ते म्हणाले. "विचारलं असतंस तर मीही करच म्हटलं असतं, ते सोड. पण विचारायला हवं होतं."

नवऱ्यानं मग क्रिकेटचा विषय काढला. वहिनींनी निघताना तिच्या पाठीवरून हात फिरवला. तो हात घर येईपर्यंत तिला पाठीवर जाणवत होता.

शेवटच्या दिवशी केक कापला, भाषणं झाली. जाड्या बोलायला उभा राहिला आणि मध्येच रडायला लागला, तेव्हा दादा म्हणाले, "बस बाबा, तुझं शून्य विसरलास." सगळे हसले. दादांनी टेबलाचा खण रिकामा केला. एक पट्टी, दोन पेनं, डोळ्यांचे थेंब, एवढंच त्यात होतं. मग ते पिशवी घेऊन लिफ्टकडे गेले. घाई स्वच्छतागृहात होती. मुद्दाम.

त्यानंतर तीन आठवडे गेले. गुरुवारी सासूबाईंच्या डोळ्यांची तपासणी होती आणि तिला चारला निघायचं होतं. नव्या सिरपचा डोस प्रोग्राममध्ये घालायचं काम हातात होतं. टूलकडून बरंचसं करून घेऊन, मधला तुकडा स्वतः लिहून, त्यातल्या आकड्यांना सुचतील ती नावं देऊन, पावणेचारला तिनं ते तपासणीला टाकलं आणि पर्स खांद्याला लावली.

स्क्रीनवर ओळ उमटली. "नावं आज एकेका अक्षराची आहेत. घाई आहे का?"

ती थबकली. हे एक्केचाळीसांत नव्हतं. तिनं प्रत्येक नियम स्वतः लिहिला होता, असा एकही नव्हता. दुसरी ओळ आली. "मी थांबतो."

तिनं पर्स खाली ठेवली आणि सहा आठवड्यांनंतर पहिल्यांदा ती फाइल उघडली.

नियम सदुसष्ट होते. कोणी काय आणि केव्हा बदललं याची यादी शेजारी असते. यादीत एकोणीस दिवस होते, रविवार धरून, आणि प्रत्येक दिवसापुढे एकच नाव. तिचे कच्चे राहिलेले नियम दादांनी बसून नीट केले होते. नवव्या नियमात तिनं काय विचारायचं ते लिहिलं होतं, दादांनी केव्हा विचारू नये ते घातलं होतं. टूल स्वतः कुठे कुठे घसरतं त्याचे अकरा नियम होते. म्हणजे दादा ते शिकले होते. वेळ लागेल म्हणाले होते, तो त्यांनी एकोणीस दिवसांत बसवला होता. दर बदलाच्या वर एका वाक्यात कारण होतं. आणि वाचणाऱ्याच्या नावाची जागा सगळीकडे मोकळी होती. दुसऱ्यानं वाचल्याशिवाय दादांनी आयुष्यात काही पुढे जाऊ दिलं नव्हतं. हे त्यांनी कोणाला वाचायला दिलं नाही.

सदुसष्टावा नियम शेवटच्या दिवशी सकाळी लिहिलेला होता, केक कापण्याच्या आधी.

"घाईसाठी. ती गडबडीत असली की नावं आखूड ठेवते. नावं आखूड दिसली की तिथेच थांबव. चूक दाखवू नकोस. विचार आणि थांब. तिला वेळ लागतो, पण ती स्वतः शोधते. रागावली तर रागावू दे."

त्याच्या वर कारण होतं. "कारण : आता तिला वाचणारं माणूस इथे कोणी नाही."

घाईनं ते वाचलं. मग दादांच्या टेबलाकडे पाहिलं. तिथे जाड्याच्या खोक्यांची रास होती. तिला मोठ्यानं रडता आलं असतं तर बरं झालं असतं, पण आजूबाजूला माणसं काम करत होती. ती दातांत ओठ धरून बसून राहिली. स्क्रीनवर तो प्रश्न तसाच होता. घाई आहे का?

तिनं नवऱ्याला फोन लावला. "आईंना तू घेऊन जा. मला उशीर होईल."

"सगळं ठीक ना?" तो म्हणाला.

"हो," ती म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर प्रश्नाखाली टाइप केलं, "नाही."

मग ती पहिल्या ओळीपासून वाचू लागली, ओठ हलवत, दादा वाचायचे तशी. सव्वापाचला तिला सापडलं. दोन एकाक्षरी नावांची अदलाबदल झाली होती. लहान मुलाला दिवसभरात मिळून द्यायचं सिरप तिचा प्रोग्राम एका वेळेला द्यायला सांगत होता, आणि तसं दिवसातून तीनदा. तिनं नावं बदलली. पूर्ण, लांबलचक, कोणालाही कळतील अशी. वर कारण लिहिलं.

टूलनं तपासून पुढे जाऊ दिलं. शेजारी कोणी येऊन बसलं नाही. ती थोडा वेळ तशीच थांबली. मग तिनं सदुसष्ट नियमांची फाइल पुन्हा उघडली, पहिला बदल समोर घेतला, तो सावकाश वाचला, आणि वाचणाऱ्याच्या मोकळ्या जागी आपलं नाव लिहून दुसऱ्या बदलाकडे वळली.